तुमचा रक्तगट कोणता?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



विषय शास्त्राचा आहे आणि मी इतिहास व मराठी शिकवणारा माणूस. आमच्या शाळेतले शास्त्राचे सर मागच्या रांगेत बसून हसत असतील. पण हा धडा मला पुस्तकात नव्हे, दवाखान्याच्या व्हरांड्यात मिळाला, म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

२०१७ सालची गोष्ट. माझी धाकटी बहीण दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिले बाळंतपण सासरी, गावातल्या घरीच झाले. तेव्हा रक्त तपासून घ्यावे असे कुणाच्या मनातही आले नाही. या वेळी बाळंत झाल्यावर रक्तस्राव थांबेना. गट निघाला 'बी निगेटिव्ह'. डॉक्टरांनी दोन पिशव्यांची चिठ्ठी हातात ठेवली. बाहेर अब्बा, मामू, बहिणीचे यजमान, तीन चुलतभाऊ आणि मी असे सातजण उभे होतो. अब्बांना रेशनकार्डाचा नंबर तोंडपाठ. पण सातांतल्या एकालाही स्वतःचा रक्तगट सांगता आला नाही.

रक्तपेढीत मी म्हणालो, "माझे काढा आणि तिला द्या." तिथल्या माणसाने समजावले, की असे हातोहात होत नाही. काढलेल्या रक्तात एड्स, दोन प्रकारची कावीळ, गरमी आणि मलेरिया यांचे जंतू नाहीत ना, हे आधी पाहावे लागते. त्यात वेळ जातो. शिवाय सख्ख्या नात्यातले रक्त क्वचित रोग्याला बाधते. माझ्या बहिणीला त्या रात्री जे रक्त मिळाले, ते कुठल्याशा शिबिरात दोन अनोळखी माणसांनी आधीच देऊन ठेवलेले होते. त्यांची नावे आम्हाला कधी कळली नाहीत.

मग बदली रक्त कोण देणार, असे विचारले गेले. चुलतभाऊ पुढे झाले. मी सुई पाहिली, घाम फुटला, आणि "सकाळी शाळेत परीक्षा आहे" असे सांगून बाकावर बसलो. परीक्षा नव्हती.

आता थोडे शास्त्र. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यातला निम्म्याहून जास्त भाग म्हणजे पिवळसर रक्तद्रव. बाकी तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणारे सूक्ष्म कण, ज्यांना डेंग्यूच्या दिवसांत सगळेच 'प्लेटलेट' म्हणू लागले आहेत. तांबडी पेशी फुप्फुसातून प्राणवायू उचलते आणि अंगभर पोचवते. ती सुमारे १२० दिवस जगते. जुन्या मरतात, हाडांच्या मगजात नव्या तयार होतात. म्हणजे रक्त न देता साठवून ठेवले, तरी तेच रक्त कायम राहते असे नाही. हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त मधल्या पडद्यातून नव्हे, तर फुप्फुसांतून फिरून डाव्या कप्प्यात येते, हे तेराव्या शतकात कैरोच्या इब्न अन-नफीस या हकीमाने लिहून ठेवले. सबंध शरीरातल्या रक्ताभिसरणाचा सिद्धांत विल्यम हार्वेने १६२८ मध्ये मांडला. (इतिहासाच्या मास्तरला एवढी मुभा असावी.)

ए, बी आणि ओ हे गट कार्ल लँडस्टायनरने १९०१ मध्ये दाखवले. 'एबी' पुढच्याच वर्षी सापडला. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा भेद १९४० चा. आई निगेटिव्ह आणि मूल पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात मुलाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते आणि तिच्या शरीरात त्याविरुद्ध द्रव्ये तयार होतात. पहिले मूल बहुधा सुटते, त्रास पुढच्याला. बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत 'अँटी-डी'चे इंजेक्शन दिले तर हे टळते. माझ्या बहिणीला पहिल्या खेपेस ते कोण देणार? गटच माहीत नव्हता. माझी भाची कावीळ घेऊनच जन्मली आणि आठवडाभर निळ्या दिव्याखाली राहिली.

आणखी एक गट आपल्या मुंबईचा. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. जगभर त्याला 'बॉम्बे' गट म्हणतात. आपल्या देशात सुमारे दहा हजारांत एखाद्याचा हा गट असतो. साध्या तपासणीत तो 'ओ'सारखा दिसतो, पण त्या माणसाला 'ओ' रक्तही चालत नाही.

देणाऱ्याचे वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन साडेबारा असावे लागते. एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात. पुरुषाला तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा देता येते. रक्त विकत देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९८ पासून बंद झाली आहे, आणि रक्त कारखान्यात बनत नाही. तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट पाचच दिवस. तेव्हा कपाट सारखे भरत राहावे लागते.

हिमोग्लोबिन साडेबारा म्हटले की आपल्या मुली-सुना बहुतेक मागे राहतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला. घरात कलेजी शिजते तेव्हा ती कुणाच्या ताटात पडते, हे जरा पाहा. मुलगी सर्वांत शेवटी जेवते आणि वर लगेच कडक चहा पिते. त्या चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही. चहा तासाभराने घ्यावा, जेवणात लिंबू पिळावे. फार चक्कर येत असेल तर रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात.

मी स्वतः पहिल्यांदा रक्त दिले ते त्या रात्रीनंतर तीन महिन्यांनी, एका शिबिरात. पिशवी भरायला दहा मिनिटेही लागली नाहीत. चहा-बिस्किट घेतले आणि चौथ्या तासाला वर्गावर होतो.

शाळेच्या ओळखपत्रावर रक्तगटाचा रकाना असतो. माझ्या वर्गातली ४२ ओळखपत्रे मी काल चाळली. ११ रकाने भरलेले होते. उरलेल्या ३१ घरी आज चिठ्ठी येईल. ती चिठ्ठी माझीच आहे.