पनामाची गेशा: कॉफीला जाईचा वास कुठून आला?

आजचा भाग कॉफीवर आहे. पण इंजिनिअर लोकांनो, जाऊ नका, कारण ही खरं म्हणजे डीबगिंगची गोष्ट आहे.

पनामा देशात बारू नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावर बोकेते गाव, आणि तिथे पीटरसन कुटुंबाची 'हासिएन्दा ला एस्मेराल्दा' ही इस्टेट. रुडॉल्फ पीटरसन या अमेरिकन बँकरने ती १९६७ मध्ये घेतली. मुलगा प्राइस न्यूरोकेमिस्ट्रीत पीएचडी करून शेवटी शेतीत उतरला. १९९६ मध्ये त्यांनी हारामियो भागात, आणखी उंचावर, एक शेत विकत घेतलं.

आता त्यांच्या कॉफीत अधूनमधून एक लिंबूवर्गी चव यायची. आपल्याकडे नाही का, बग कधी दिसतो, कधी दिसत नाही, तसंच! कारण साधं होतं. सगळ्या शेतातली कॉफी एकत्र व्हायची, त्यात ती चव पातळ होऊन जायची.

प्राइसचा मुलगा डॅनियल याने मग २००४ च्या स्पर्धेआधी शेताचे तुकडे पाडले. या कोपऱ्यातली कॉफी वेगळी, त्या उतारावरची वेगळी. प्रत्येकीचा वेगळा कप करून चाखायचा. सगळं एकदम रन करण्याऐवजी एकेक मॉड्यूल वेगळं काढून बघतो ना आपण, अगदी तेच. आणि सापडलं! ती चव हारामियोच्या वरच्या भागातल्या थोड्याशा उंच, किडकिडीत झाडांची होती. जात, गेशा.

(गेइशा असंही लिहितात. जपानशी काही संबंध नाही, बरं का.)

गेशा हा नैऋत्य इथिओपियातला भाग. तिथलं बी १९३० च्या दशकात बाहेर नेलं गेलं, केनिया आणि टांझानियामार्गे १९५३ मध्ये कोस्टा रिकातल्या संशोधन केंद्रात पोचलं, आणि तिथून पनामात. कशासाठी? चवीसाठी नाही! कॉफीच्या पानांवर पडणाऱ्या तांबेऱ्याला ते तोंड देतं म्हणून. पण फांद्या ठिसूळ, फळ कमी. शेतकऱ्यांना ते फारसं रुचलं नाही. झाडं तशीच उभी राहिली, कित्येक वर्षं. चव त्यांच्यात होतीच, वेगळी करून कोणी चाखली नव्हती इतकंच.

२००४ च्या 'बेस्ट ऑफ पनामा'मध्ये ही कॉफी पहिली आली आणि लिलावात पौंडाला २१ डॉलर दर मिळाला. त्या वर्षी बाजारात साध्या कॉफीला पौंडाला एक डॉलरही मिळत नव्हता. आणि २०२५ मध्ये? याच इस्टेटची २० किलो गेशा किलोला ३०,२०४ डॉलरने गेली. गुणाकार तुम्हीच करा, मी केला आणि लॅपटॉप मिटला.

मला विचाराल तर हा आकडा कॉफीचा कमी आणि मिरवण्याचा जास्त आहे. पण २१ डॉलरवाला आकडा मला खरा वाटतो. तो वेगळं करून चाखण्याच्या कष्टाचा होता. आणि कष्ट एकट्या पीटरसनांचे नाहीत. बोकेतेच्या मळ्यांत फळं तोडायला मुख्यतः न्गाबे आदिवासी कुटुंबं येतात. फक्त पिकलेलं लालबुंद फळ हाताने निवडायचं, हिरवं तसंच ठेवायचं. चवीचा निम्मा फैसला तिथेच होतो, आणि त्यांचं नाव पाकिटावर सहसा नसतं. जिथून बी आलं त्या इथिओपियातल्या भागाचं नाव निदान जातीत तरी उरलंय.

म्हणून 'सिंगल ओरिजिन' वाचून लगेच भुलू नका. पाकिटावर नुसता देश लिहिलाय, जिल्हा, शेत, की शेताचा तुकडाही? जात कोणती, उंची किती, कोणत्या हंगामातली? जितकं बारीक लिहिलंय, तितकी कोणीतरी वेगळी करून चाखली असण्याची शक्यता जास्त.

आणि कधी गेशा मिळालीच, तर दूध-साखर नको. गरम असताना पहिल्यांदा जाईसारखा वास येतो. मग पाच-सात मिनिटं थांबा. कोमट झाली की संत्र्याची साल, पीच, मध असं एकेक उलगडत जातं.