शिडाची जुनी बोट घेताना



शिडाच्या बोटीतून दूरच्या समुद्रात जावं, महिनोन्‌महिने तिच्यावरच राहावं, अशी ओढ असलेली तरुण मंडळी आता आपल्याकडेही भेटतात. नवी बोट फार थोड्यांना परवडते. मग जुनी शोधायची. जाहिरातीत साधनांची लांबलचक यादी असते. सौर पॅनेल, रडार, समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, आपोआप सुकाणू धरणारं पवनयंत्र. घेणारा यादीवर भाळतो. माझं सांगणं एवढंच आहे की, यादी सगळ्यात शेवटी वाचा.

का, ते ‘सुहेली’ या बोटीवरून कळेल. आपल्या मुंबईत, सागवानात बांधलेली, जेमतेम 32 फुटांची. तिचे मालक, ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांना जगाच्या फेरीसाठी नवी बोट हवी होती, पण तेवढे पैसे उभे राहिले नाहीत, म्हणून ते आहे तीच बोट घेऊन 14 जून 1968 रोजी फालमथहून निघाले. वाटेत टाक्यांतलं पिण्याचं पाणी नासलं, रेडिओवरून बोलणं बंद पडलं, सुकाणू धरणारं यंत्र मोडून गेलं. तळाच्या सांध्यातून पाणी येऊ लागलं, तेव्हा त्यांनी समुद्रात बुडी मारून ती फट बुजवली. तरीही 22 एप्रिल 1969 रोजी बोट परतली. न थांबता, एकट्यानं जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले. साधनं एकेक करून गेली, पण अंग आणि डोलकाठी टिकली. आपल्या अभिलाष टॉमींनी 2022-23च्या गोल्डन ग्लोब या एकट्यानं करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत नेलेली ‘बायानात’ही वापरलेलीच बोट, रस्टलर 36. सुकाणूचं यंत्र मोडल्यावर त्यांनी शौचकुपाच्या दाराची फळी कापून दुरुस्तीला वापरली आणि 236 दिवसांनी दुसरा क्रमांक मिळवला.

अशी बोट शोधायची कुठे? जिथे लोकांचे प्रवास संपतात तिथे. दक्षिण प्रशांत महासागरात नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. त्यामुळे फ्रेंच पॉलिनेशिया, टोंगा, फिजी करत आलेल्या बोटी त्याआधी न्यूझीलंड गाठतात आणि ओपुआ, फांगारेईच्या धक्क्यांवर विसावतात. कुणाची रजा संपलेली असते, कुणाला घरी नातवंडं बोलावत असतात. बोट तिथेच विकायला निघते. मला अशी नुकताच महासागर पार करून आलेली बोट, बंदरात वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या बोटीपेक्षा कितीतरी पसंत आहे. तिची दुखणी समुद्रानं आधीच बाहेर काढलेली असतात आणि बरीचशी दुरुस्तही झालेली असतात. उभ्या बोटीची दुखणी मात्र तुमच्या पहिल्या वादळाची वाट पाहत असतात.

आता जे दिसत नाही त्याकडे वळू. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात, त्यांना चेनप्लेट म्हणतात. स्टेनलेस स्टील गंजत नाही, याचं कारण प्राणवायूमुळे त्याच्यावर सतत एक अतिशय पातळ थर धरत असतो. पण डेकमधून खाली उतरताना ही पट्टी ओल्या, हवाबंद खाचेत अडकते. तिथे तो थर मोडला की पुन्हा धरत नाही आणि धातू आतल्या आत चिरत जातो. वरचा दिसणारा भाग चकचकीत असतो, आणि तोच पाहून लोक समाधान मानतात. म्हणून एखादी तरी पट्टी उपसून दाखवा, असं विकणाऱ्याला सांगायला अजिबात संकोचू नका. तारांचंही वय विचारा. दहा-पंधरा वर्षांनी त्या बदलाव्यात असा संकेत आहे आणि पुष्कळ विमा कंपन्याही ते विचारतात. एक तार तुटली तरी डोलकाठी जाऊ शकते, आणि डोलकाठी गेली की तुम्ही भर समुद्रात वाऱ्याच्या स्वाधीन.

डेकचं तसंच. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बहुधा बाल्सा लाकूड भरलेलं असतं. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी मुरलं की ते कुजतं. माठ घेताना टिचकी मारतो तशी डेकवर हलक्या हातोडीनं ठोकत जावं, आवाज भद्द आला की खूण करावी. डेकवर सागवानी फळ्या स्क्रूनं बसवलेल्या असतील तर शंभरदा विचार करा, कारण तेवढीच भोकं खाली उतरलेली असतात. तळाच्या फायबरग्लासवर आलेले फोड मात्र लोकांना वाटतात तितके भयंकर नसतात. ते भाव पाडून घ्यायला उपयोगी पडतात.

इंजिन थंड असतानाच चालू करायला लावा. तुम्ही पोचण्याआधीच ते गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत या.

एवढं झाल्यावर मग यादी हातात घ्या आणि प्रत्येक वस्तूपुढे तिचं वय लिहा. जीवरक्षक तराफा ठरावीक मुदतीनं तपासावा लागतो. संकटाच्या वेळी सोडायच्या अग्निबाणांवर मुदत छापलेली असते. पाणी गोडं करणारं यंत्र रसायन न भरता पडून राहिलं असेल तर त्याचा पडदा खराब झालेला असतो. नव्यानं घेतलं तर साधन पूर्ण किमतीचं, जुन्या बोटीबरोबर आलं तर जवळपास फुकट, हा सज्ज बोटीचा फायदा खरा आहे आणि तो जरूर घ्यावा. पण चालू साधनापुरताच.

स्वतंत्र सर्वेक्षक नेमा, त्याचे पैसे तुम्ही द्या, आणि बोट पाण्याबाहेर काढून तिचा तळ त्याच्याबरोबर स्वतः पाहा. व्यवहार ठरला तर विकणाऱ्याला आठवडाभर बरोबर राहण्याची विनंती करा. कोणता व्हॉल्व्ह कुठे, कोणती वायर कुठून आली, कोणत्या वाऱ्यात शीड केव्हा कमी करायचं, हे कुठल्याही कागदावर नसतं. आणि तो जाण्याआधी आपत्कालीन बीकनची नोंदणी आपल्या नावावर करून घ्या. नाहीतर तुम्ही संकटात असताना बचाव केंद्राचा फोन त्याच्या घरी वाजेल.