पाण्याचा खरा आकडा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण मला पर्यावरण अभियांत्रिकीच्या अध्यापनाविषयी बोलावयास सांगितले, याबद्दल मी आपला ऋणी आहे. विद्यापीठात हा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालविण्यात माझी बरीच वर्षे गेली. विषय वरकरणी रूक्ष आहे. परंतु आपल्या घरातील नळ, गावातील गटार आणि गावाबाहेरची नदी या तिघांचा संबंध त्याच्याशी असल्यामुळे तो आपणा सर्वांचाच विषय आहे.

प्रारंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिलेल्या निर्देशानंतर पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांतून सर्वांना शिकविला जाऊ लागला. त्यामुळे जाणीव वाढली, हे चांगलेच झाले. पर्यावरण अभियंत्याचे काम मात्र जाणिवेच्या पुढचे आहे. लाखभर वस्तीच्या गावाला रोज पिण्याजोगे पाणी द्यायचे आणि वापरून झालेले पाणी नदीला अपाय होणार नाही अशा स्थितीत परत सोडायचे, हे ते काम. पूर्वी याला सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी म्हणत. नागपूरची केंद्रीय संशोधन संस्था १९५८ साली याच नावाने स्थापन झाली आणि १९७४ साली तिच्या नावात 'पर्यावरण' हा शब्द आला. जलप्रदूषण प्रतिबंधाचा केंद्रीय कायदाही त्याच वर्षीचा. नव्या नावाबरोबर हवा, घनकचरा, ध्वनी हे विषय अभ्यासात आले. पण 'आरोग्य' हा शब्द नावातून गेला, याची मला अधूनमधून रुखरुख वाटते.

आता काही आकडे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशातील शहरांतून दररोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होते. ते शुद्ध करण्यासाठी उभारलेल्या केंद्रांची क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती. प्रत्यक्षात शुद्ध होत होते ते केवळ २०,२३५ दशलक्ष लिटर. पहिल्या दोन आकड्यांतील अंतर सर्वांच्या लक्षात येते आणि मग नव्या केंद्रांसाठी निधीची मागणी होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातील अंतराकडे फारसे कोणी पाहत नाही. जे बांधले, ज्यावर पैसा खर्च झाला, त्याचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग कामी येत नव्हता. कोठे मैलापाणी केंद्रापर्यंत नेणाऱ्या नलिका अपुऱ्या असतात, कोठे विजेचे देयक थकलेले असते, कोठे यंत्र चालविणारा जाणता माणूस नसतो. बांधणारे अभियंते आपण पुष्कळ घडविले. चालविणारे आणि मोजणारे कमी घडविले. अभ्यासक्रमाची आखणी करताना हीच गोष्ट मी सतत डोळ्यांसमोर ठेवली.

म्हणून आमच्या अभ्यासक्रमाचा आरंभ प्रयोगशाळेपासून होतो. आमच्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी स्थापत्य शाखेचे पदवीधर असतात. तुळया आणि खांब यांची गणिते त्यांना सहज येतात. रसायनशास्त्र बारावीनंतर सुटलेले असते आणि सूक्ष्मजीवशास्त्राशी ओळखच नसते. त्यांना पहिल्या आठवड्यात पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजावयास देतो. पद्धत विंकलर या शास्त्रज्ञाची, १८८८ सालची. बाटलीतील पाण्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घातले की साका तयार होतो. पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो. नसेल तर पांढराच राहतो. शहरातील नाल्याच्या पाण्याच्या बाटलीत तो पांढरा साका विद्यार्थी पाहतो, तेव्हा मृत पाणी म्हणजे काय, हे त्याला व्याख्यानावाचून कळते.

यानंतर येते जैवरासायनिक प्राणवायूची मागणी, जिला आम्ही बीओडी म्हणतो. पाण्यातील सेंद्रिय घाण खाऊन टाकताना जिवाणूंना किती प्राणवायू लागतो, याचे ते माप. वीस अंश तापमानावर पाच दिवस ही पूर्वीची रीत थंड प्रदेशातून आलेली. आपल्याकडे आता सत्तावीस अंशांवर तीन दिवस नमुना ठेवतात. विद्यापीठाचे वेळापत्रक मात्र तासांचे असते. गुरुवारी ठेवलेला नमुना रविवारी काढावा लागतो, त्यासाठी प्रयोगशाळा उघडावी लागते आणि कोणीतरी तेथे यावे लागते. जिवाणूंना आपल्या सुट्ट्यांची यादी ठाऊक नसते! येथेच विद्यार्थ्याच्या सचोटीची कसोटी लागते. रविवारी न येता सोमवारी अंदाजाने आकडा लिहिणे फार सोपे असते. नदीत सोडावयाच्या पाण्याची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे, हे पाठ असल्यामुळे २८ किंवा २९ लिहिले की कोणी प्रश्न विचारीत नाही. आज प्रयोगवहीत असा आकडा लिहिणारा विद्यार्थी उद्या कारखान्याच्या अथवा नगरपालिकेच्या अहवालातही तोच आकडा लिहील, आणि त्या अहवालावर विसंबून नदीकाठचे गाव पाणी उचलील. म्हणून चुकलेल्या प्रयोगाचे गुण आम्ही कापत नाही. न केलेल्या प्रयोगाचा आकडा मात्र क्षम्य मानीत नाही.

दुसऱ्या सत्रात वर्ग नदीवर जातो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमातून झालेली आपली पंचगंगा कोल्हापूरजवळून वाहते, जयंती नाल्यासारखे प्रवाह पोटात घेते आणि नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघा अमेरिकनांनी १९२५ साली ओहायो नदीच्या अभ्यासातून एक समीकरण मांडले. त्याचा अर्थ असा, की नाला जेथे मिळतो तेथे नदीची अवस्था सर्वांत वाईट नसते. घाण खाणारे जिवाणू वाढत जातात, प्राणवायू घटत जातो आणि त्याचा तळ काही अंतर खाली गाठला जातो. माशांना जगण्यासाठी लिटरला साधारण चार मिलिग्रॅम प्राणवायू हवा. तो तेथे उरत नाही. शहराने केलेल्या घाणीचा खरा भोग खालच्या गावाला भोगावा लागतो. फळ्यावर हे केवळ एक वक्र असते. निरनिराळ्या बंधाऱ्यांवर बाटल्या भरून आणून तोच वक्र स्वतःच्या आकड्यांनी काढला, म्हणजे विद्यार्थ्याला त्यात गावे दिसू लागतात.

तिसऱ्या सत्रात विद्यार्थी शुद्धीकरण केंद्रात राहून काम पाहतात. आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ साली मँचेस्टर येथे मांडलेली सक्रिय गाळाची पद्धत आजही जगभर वापरात आहे. टाकीतील गाळ म्हणजे जिवाणूंची जिवंत वसाहत. तिला अखंड हवा लागते. वीज बराच वेळ गेली की ती वसाहत गुदमरते आणि पूर्ववत व्हायला अनेक दिवस लागतात. रात्रपाळीत पंप कधी बंद होतो, का बंद होतो, तेथील कामगार गाळाचा रंग आणि वास यांवरून काय ओळखतो, हे कोणत्याही ग्रंथातून शिकता येत नाही. त्या कामगाराला गुरू मानावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असतो.

पाणी गाळून पिण्याचा आपल्या घरांतील रिवाज मी वर्गात आवर्जून सांगतो. बांगलादेशातील मतलब भागात जुन्या सुती साडीच्या किमान चार पदरांतून पाणी गाळले असता पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले, असे २००३ साली रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. पटकीचे जंतू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात, ते कापडात अडकतात. लगेच मी दुसरी बाजूही सांगतो. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. ती हिपॅटायटिस ई या पाण्यावाटे पसरणाऱ्या विषाणूची होती. हा विषाणू कापडाच्या छिद्रांहून शेकडो पटींनी लहान असतो; त्याला कापड अडवू शकत नाही. तेथे उकळणे हवे, योग्य मात्रेत क्लोरीन हवा आणि गटाराशेजारून जाणारी जलवाहिनी अभंग हवी. नळाला काही तासच पाणी येत असेल तर उरलेल्या वेळी रिकाम्या नळीत दाब नसतो, आणि फुटक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. परंपरेचा आदर राखावा आणि तिची मर्यादाही मोजून पाहावी, एवढेच मला सुचवायचे आहे.

असा अभ्यासक्रम चालविणे सोपे नाही. संगणकाच्या शाखांकडे ओढा असल्याने जागा रिक्त राहतात. यंत्र खरेदीला अनुदान मिळते. परंतु त्यात लागणारी रसायने दर महिन्याला संपतात आणि त्यांच्यासाठी तरतूद नसते. प्रयोगशाळा साहाय्यक निवृत्त झाला की पद रिकामे राहते, आणि लक्षावधींचे उपकरण आवरणाखाली झाकून ठेवावे लागते. देशातील शुद्धीकरण केंद्रांचे जे दुखणे, तेच आमच्या प्रयोगशाळेचेही: उभारणीला पैसा आहे, चालविण्याला नाही.

आपली संस्था पन्नास वर्षे दानावर उभी आहे, म्हणून आपल्यासमोर एक विनंती ठेवतो. वास्तूसाठी देणारे दाते भेटतात. तेथे नावाची शिला लागते. रसायनांच्या बाटलीवर कोणाचे नाव लागत नाही. तरीही एखाद्या प्रयोगशाळेचा वार्षिक खर्च भागेल एवढी ठेव, अथवा एका साहाय्यकाचे वेतन, हे दान कोणी मनावर घ्यावे. आपल्या वसतिगृहाच्या टाकीतील पाण्याची नियमित तपासणी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी आणि तो आकडा, चांगला असो वा वाईट, दर्शनी फलकावर लावावा. वाईट आकडा लावण्यास धैर्य लागते. पण दुरुस्तीची सुरुवात त्याच फलकापासून होते.