तर्कतीर्थांची कसोटी
(तोंडवली येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



ज्ञातीच्या संमेलनात जातिभेदाच्या एका कठोर समीक्षकाचे गुणगान करावे, हे काहींस विसंगत वाटेल. तथापि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे स्मरण करण्यास याहून योग्य स्थळ आम्हांस दिसत नाही.

शास्त्रीबुवांचा जन्म २७ जानेवारी १९०१ रोजी धुळे जिल्ह्यातील पिंपळनेर येथे झाला. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढील केवलानंद सरस्वती, यांच्यापाशी त्यांनी अध्ययन केले व १९२३ साली कलकत्त्याची ‘तर्कतीर्थ’ पदवी संपादिली. पुढे पाश्चात्त्य तत्त्वज्ञानही आत्मसात करून ते मानवेंद्रनाथ रॉय यांचे सहकारी झाले.

न्यायशास्त्राचा पहिला धडा असा की, नुसते विधान करून भागत नाही. त्यास हेतू द्यावा लागतो. पर्वतावर अग्नी आहे असे म्हणणाऱ्याने धूर दाखविला पाहिजे. हीच कसोटी शास्त्रीबुवांनी रूढीस लावली. अस्पृश्यतेस शास्त्राधार नाही, हे त्यांनी शास्त्रे पुढे ठेवूनच प्रतिपादिले. १९३३ साली पुण्यात महात्माजींचे पुत्र देवदास व राजगोपालाचारी यांची कन्या लक्ष्मी यांचा विवाह झाला. वर वैश्य, वधू ब्राह्मण; जुन्या मते हा प्रतिलोम विवाह. त्याचे पौरोहित्य शास्त्रीबुवांनी केले. विचार आणि आचार यांत त्यांनी अंतर पडू दिले नाही.

त्यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथास १९५५ साली साहित्य अकादमीचे मराठीतील पहिले पारितोषिक लाभले. वाईस राहून त्यांनी मराठी विश्वकोशाचे महत्कार्य आरंभिले. २७ मे १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. परंतु समुद्र आणि खाडी यांमधील आपल्या या गावातील विद्यार्थ्यासही तो विश्वकोश आज भ्रमणध्वनीवर वाचावयास मिळतो.

आता आपल्याकडे वळू. विद्यार्थ्यांस साह्य, आजाऱ्यास मदत, वृद्धांची विचारपूस, या ज्ञातिकार्यांस सबळ हेतू आहे, ती वाढावीत. परंतु मुलाने अथवा मुलीने ज्ञातीबाहेर विवाह केला की त्या घराचे आमंत्रण हळूहळू बंद पडते, यास हेतू कोणता? आम्ही पुष्कळ शोधला. ‘आजवर चालत आले’ यापलीकडे सापडला नाही. धूर नाही, तेथे अग्नी कसा मानावा?

म्हणून आमची कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे की, पुढील संमेलनाच्या निमंत्रणयादीत ती सर्व नावे पुन्हा यावीत, आणि जावई-सुनांचीही यावीत. तर्कतीर्थांचे खरे स्मरण तेच होईल.