घरी बसण्याआधी



आपल्या वऱ्हाडात सरकारी नोकरीतल्या माणसाला लकवा मारला की दवाखान्यात भेटायला येणारे दोन प्रश्न विचारतात. पहिला, "आता कसं वाटते भाऊ?" आणि दुसरा, बाहेर व्हरांड्यात, त्याच्या बायकोला: "पोराले लावता येते काय?"

बापाच्या जागी पोराला नोकरीला लावण्याच्या या दुसऱ्या प्रश्नात काळजी असते, हे मला मान्य आहे. पण त्यापायी कित्येकांनी चालू नोकरी हातची घालवली आहे. ऑफिसातला एखादा हितचिंतक टाइप केलेला अर्ज घेऊन येतो. त्यात 'प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वेच्छेने सेवानिवृत्ती घेऊ इच्छितो' असं तयारच असतं. उजवा हात उचलत नाही, म्हणून डाव्या अंगठ्याला शाई लावतात. झालं, माणूस घरी बसला. आता कायदा काय म्हणतो, ते ऐका.

महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम 1982 सालचे आहेत. त्यात 'रुग्णता निवृत्तिवेतन' आहे. वैद्यकीय मंडळानं लिहून दिलं, की हा माणूस पुढील सेवेस कायमचा अक्षम आहे, तर त्याला निवृत्त करायचं आणि झालेल्या सेवेनुसार पेन्शन द्यायची. दहा वर्षं भरली नसतील, तर फक्त एकरकमी उपदान. अमरावतीत इर्विन किंवा अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात या बोर्डापुढे बसलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या हातातल्या फायलीचा शेवट पूर्वी इथेच व्हायचा.

मग 1995 चा अपंग व्यक्तींचा कायदा आला. तो 7 फेब्रुवारी 1996 पासून लागू झाला. त्यातल्या कलम 47 नं हा सगळा क्रमच उलटा केला. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढायचं नाही, खालच्या पदावर टाकायचं नाही. आहे ते काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तेही नसेल, तर अधिसंख्य, म्हणजे जादाचं, पद निर्माण करून त्याला सांभाळायचं, योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचं वय होईपर्यंत. या अपंगत्वात कुष्ठरोगातून बरे झालेलेही धरले होते. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं कुष्ठरुग्णांसाठीचं तपोवन ज्या अमरावतीत आहे, तिथे याचं मोल वेगळं सांगायला नको. 2016 चा नवा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्यात हेच संरक्षण कलम 20 मध्ये आलं आणि अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले.

कायदा झाला, पण ऑफिसांचं वळण जुनंच राहिलं. 'याला रुग्णता पेन्शन दिली ना, मग अजून काय हवं?' असा युक्तिवाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एसएसबी या केंद्रीय दलातल्या एका शिपायाचा पाय कापावा लागला होता. त्याला घरी पाठवलं होतं. 2003 मध्ये, कुणाल सिंग खटल्यात, न्यायालयानं सांगितलं की पेन्शन मिळते म्हणून कलम 47 चा हक्क संपत नाही. गंमत म्हणा की दुर्दैव, 2021 मध्ये केंद्रानं अधिसूचना काढून केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांमधल्या लढाऊ पदांना कलम 20 मधून वगळलं. त्यात एसएसबीही आली. ज्या दलातल्या शिपायानं सगळ्यांसाठी दार उघडलं, त्याच दलातल्या लढाऊ जवानांना ते बंद झालं. मला हे पटलेलं नाही. लढाईचं काम जमत नसेल, म्हणून भांडारातलं किंवा टेबलावरचंही जमणार नाही, असं कुठे आहे?

तरी आपल्या विषयाला अधिक लागू पडतो तो 2008 साली छापून आलेला भगवान दास खटला. पंजाब वीज मंडळाचा सहायक लाइनमन. दृष्टी पूर्ण गेली. त्यानं स्वतःच अर्ज केला, की मला निवृत्त करा आणि माझ्या पत्नीला नोकरी द्या. मंडळानं अर्जाचा पहिला अर्धा भाग तेवढा मंजूर केला! न्यायालयानं मंडळाला खडसावलं. या माणसाला आपला हक्क ठाऊक नव्हता, तो समजावून सांगणं तुमचं काम होतं, असा त्या निकालाचा रोख होता. पुढे 2015 मध्ये केंद्राच्या कार्मिक विभागानं आपल्या कार्यालयांना कळवलं, की कोणी प्रकृतीचं कारण देऊन निवृत्ती मागितली, तर आधी कलम 47 लागू होतं का ते तपासा आणि होत असेल तर नोकरीत राहता येईल हे त्याला सांगा.

रेल्वेतल्या लोकांना हे जरा आधी उमगलं. बडनेरा, अकोला, भुसावळकडचे गाडीवरचे कर्मचारी 'डीकॅट झाला' म्हणतात. म्हणजे ज्या वैद्यकीय श्रेणीत भरती झाली, ती आता राहिली नाही. अशा माणसाला दुसऱ्या कामावर घेण्याची तिथे रुळलेली पद्धत आहे.

एसटीचा ड्रायव्हर मात्र फार नाजूक जागी उभा असतो. त्याला सरकारी पेन्शन नाही. भविष्य निर्वाह निधीची 1995 ची पेन्शन योजना आहे, आणि तिची किमान रक्कम 2014 पासून महिना 1000 रुपये. पगार थांबला, की घर कशावर चालवायचं? 1 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तेलंगणाच्या परिवहन महामंडळातल्या एका ड्रायव्हरचा निकाल दिला. रंगांधळेपणामुळे त्याला काढलं होतं. योग्य पदावर, त्याच वेतनश्रेणीत परत घ्या, असा आदेश झाला. दुसरं काम खरोखर नाहीच, हे महामंडळानं दाखवायचं असतं. कर्मचाऱ्यानं कामं शोधत हिंडायचं नसतं.

आता ज्यांची प्रकृती खरोखरच कोणतंही काम करू देत नाही, त्यांच्याविषयी. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्य सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, म्हणून रुग्णता पेन्शनही नव्हती. मार्च 2023 चा जुन्या पेन्शनसाठीचा संप आठवत असेल. त्याच महिन्याच्या 31 तारखेला शासन निर्णय निघाला आणि नव्या पेन्शन योजनेतल्यांनाही रुग्णता निवृत्तिवेतन, तर सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची सोय झाली. केंद्रानं तर 2019 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी दहा वर्षांची अटही काढली.

राहिला पोराचा प्रश्न. अनुकंपेवरच्या नोकरीचे नियम वेगळे, तिची यादी वेगळी, आणि ती यादी किती हळू सरकते ते जिल्हा परिषदेच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना विचारा. बापाचा चालू पगार सोडून त्या यादीवर घर टांगू नका.

तेव्हा अंगठा देण्याआधी एक साधा अर्ज करा: मला अपंगत्व आलं आहे, कलम 20 प्रमाणे मला दुसरं काम द्यावं. त्याची पोच घ्या. 2016 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला हवा, आणि तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. तो अधिकारी कोण, हे आपल्या आस्थापना शाखेत विचारा. नाव सांगता आलं नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं तिकीट लागतं.