विजेत्यांची नामावळी



आपल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या विजेत्यांची नामावळी वाचताना लक्ष चषकांच्या संख्येकडे जाते. परंतु या नामावळीत संघांच्या आश्रयदात्यांचाही इतिहास आहे.

१९९६-९७ची पहिली लीग जिंकली ती फगवाड्याच्या जे.सी.टी. मिल्सने, म्हणजे एका कापडगिरणीच्या संघाने. पुढील सात हंगामांत कोलकात्याच्या मोहन बागान व ईस्ट बंगाल यांनी प्रत्येकी तीनदा आणि गोव्याच्या साळगावकरने एकदा विजय मिळविला. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांत मात्र विजेतेपदाने पश्चिम किनारा सोडला नाही: धेंपो पाचदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा आणि २००५-०६ साली मुंबईचा महिंद्र युनायटेड. मधल्या काळात, २००७ साली, लीगला ‘आय-लीग’ हे नाव मिळाले होते.

यांपैकी महिंद्रचा संघ २०१०मध्ये, तर जे.सी.टी.चा २०११मध्ये विसर्जित झाला. २०१६मध्ये धेंपो व साळगावकर यांनी लीगच्या नियोजित पुनर्रचनेच्या निषेधार्थ माघार घेतली. या रिकाम्या जागांमुळेच खालच्या श्रेणीत गेलेल्या मिझोरमच्या ऐझॉल संघाला पुन्हा प्रवेश मिळाला, आणि २०१६-१७चा विजेता तोच ठरला!

उद्योगांच्या आश्रयाने गिरणीच्या व खाणींच्या गावांतून उत्तम खेळाडू घडले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि मोहन बागान १८८९पासून आणि ईस्ट बंगाल १९२०पासून टिकून आहेत ते मुख्यतः सभासदांच्या व चाहत्यांच्या निष्ठेवर. आश्रयदाता एका निर्णयाने दूर होऊ शकतो. गाव तसे होत नाही. नव्या संघांची उभारणी करताना एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती.