विरजलेल्या सायीचं कालवण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुम्हाला एका परदेशी पदार्थाची कृती सांगणार आहे. मांसाचे पातळ काप, मशरूम आणि आंबट साय घालून केलेलं हे कालवण आहे. आमच्या घरी ते गेली साठ-पासष्ट वर्षं होतंय, पण त्याचं खरं नाव मला कळलं ते माझं लग्न झाल्यावर. वडिलांच्या वहीत ते ‘इस्त्रागनाप’ असं लिहिलेलं होतं. मला वाटायचं, एखाद्या औषधाचं नाव असावं.

वडील १९४३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, देवळालीला गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये भांडी घासायला लागले. युद्धाचे दिवस होते, देवळालीचा कँप माणसांनी भरून गेला होता. मेसचा मुख्य स्वयंपाकी गोवेकर होता. त्याने वडिलांना कांदा चिरण्यापासून सगळं शिकवलं. साहेब लोक गेले, मेस बदलली, मग वडील देवळालीच्याच एका बंगल्यावर स्वयंपाकाला राहिले. आमचं घर शरणपूरकडे. नाशिकच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीचा तो भाग. याच वस्तीत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकली आणि त्यांतलाच जेकब वेनराइट १८७४ साली लिव्हिंगस्टनच्या पार्थिवाबरोबर इंग्लंडला गेला. हे विषयाला सोडून झालं, पण नाशिककरांनाही ते फारसं माहीत नसतं, म्हणून सांगितलं.

तर इस्त्रागनाप. रशियात स्ट्रोगानव्ह नावाचं मोठं धनाढ्य घराणं होतं, मिठाच्या व्यापारावर वर आलेलं. त्यांच्यापैकी नेमक्या कोणाच्या नावावरून हा पदार्थ आला यावर वाद आहे. मात्र १८७१ साली येलेना मोलोखोवेत्स या बाईंच्या पाकपुस्तकात त्याची कृती छापली गेली. गंमत म्हणजे त्या कृतीत मशरूम नाहीत, कांदाही नाही. गोमांसाचे तुकडे, मोहरी, मांसाचं पाणी आणि थोडीशी आंबट साय, एवढंच. कांदा, टोमॅटो, मशरूम हे सगळं पुढच्या स्वयंपाक्यांनी घातलं. क्रांतीनंतर रशियन लोक देशोदेशी पांगले तेव्हा पदार्थही त्यांच्याबरोबर फिरला. त्यामुळे ‘अस्सल कृती कोणती’ असं कोणी विचारलं की मी सरळ सांगते, आमच्या वहीतली.

या आंबट सायीपाशी जरा थांबायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. इंग्रजी पुस्तकात ‘सोअर क्रीम’ वाचलं की आपल्या बायका घाबरतात आणि मोठ्या दुकानात महागडा डबा शोधत हिंडतात. अहो, लोण्यासाठी आपण आठवडाभर साय साठवतो, तिला विरजण लावतो आणि दुसऱ्या दिवशी घुसळतो. घुसळण्याआधी त्या भांड्यात जे असतं, तेच सोअर क्रीम! माझ्या आजीकडे ते रोज असायचं. तिला कोणी सांगितलं नव्हतं इतकंच. फक्त साय ताजी हवी, दोन-तीन दिवसांची. आठवड्याची साय कडवट लागते.

साय नसेल तर दह्याचा चक्का घ्या, पण सावधपणे. दह्यात स्निग्धांश कमी आणि आंबटपणा जास्त. उकळत्या रश्शात ते टाकलंत की त्यातलं प्रथिन गोळा होऊन पाणी वेगळं होतं. माझ्या पहिल्या नाताळाला, सासरी, दहा पाहुण्यांसमोर माझं कालवण असं फाटलं होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी ते पातेलं दोनदा ढवळून पाहिलं, आणि तेवढं पुरेसं होतं. उपाय दोन. चक्क्यात चमचाभर मैदा किंवा कॉर्नफ्लॉर फेटून घ्यायचं, ते त्या प्रथिनाला गोळा होऊ देत नाही. आणि पातेलं गॅसवरून उतरवून, गरम रसाचे दोन-तीन चमचे आधी चक्क्यात कालवून, मग चक्का पातेल्यात घालायचा. त्यानंतर उकळी नाही. विरजलेली साय स्निग्ध असल्यामुळे इतकी हट्टी नसते, तरी तिलाही उकळवू नये.

आता मांसाबद्दल, आणि इथे मला थोडं मोकळं बोललं पाहिजे. वडील हे बैलाच्या मांसाचं करायचे. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस आणि रेडा त्यात नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे रेड्याचं मांस येतं, तेही परवानाधारक दुकानातूनच. अनेकांना हा विषयच नकोसा वाटतो, मला त्याची जाणीव आहे. आमच्या गल्लीत सगळ्या प्रकारची माणसं राहतात आणि आम्ही एकमेकांकडे फराळ देतो-घेतो. शेजारच्या वहिनींकडे नाताळाचं ताट जातं तेव्हा त्यात करंज्या, केक आणि कुकीस असतात. हे कधी कोणी ठरवून बोललेलं नाही. ज्यांच्याकडे हे मांस चालत नाही त्यांनी बोकडाच्या मांडीचं मटण घ्यावं, कृती तीच.

रेड्याचं मांस जास्त गडद, चरबीला कमी आणि धाग्याला जाड. पाठीच्या कण्याखालचा मऊ भाग, ज्याला खाटीक ‘अंडरकट’ म्हणतात, तो मिळाला तर उत्तम. अर्धा किलो घ्या, तासभर फ्रीझरमध्ये ठेवून जरा घट्ट होऊ द्या, म्हणजे पातळ कापता येतं. काप धाग्याच्या आडवे घालायचे, उभे नाही. उभे कापले की खाताना दोरा चावल्यासारखं वाटतं. दुसरा कुठला भाग असेल तर एक चमचा कच्च्या पपईचा कीस लावून अर्धा तास ठेवा. त्याहून जास्त नको, नाहीतर वरचं मांस पिठूळ होतं. मीठ, मिरपूड, चिमूटभर जायफळ. कढई चांगली तापवा, लोण्यात थोडं तेल घाला. काप एका वेळी मूठभरच टाका. सगळे एकदम टाकले की कढई थंड होते, पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं. अंडरकट दोन मिनिटांत होतो. बाकीचा भाग मात्र परतल्यावर थोड्या पाण्यात कुकरला शिजवून घ्यावा. ते पाणी फेकू नका, तोच रस्सा.

मग मशरूम. माझ्या लहानपणी नाशिकच्या बाजारात ते दिसत नसत. वडील बंगल्यावरून डबाबंद आणायचे, तेही वर्षातून एकदा. आता भाजीवाल्याकडेही दोनशे ग्रॅमची पाकिटं असतात. पांढरे बटण मशरूम गव्हाच्या काडाच्या कुजवलेल्या खतावर वाढतात आणि धरताना त्यांना साधारण चौदा ते अठरा अंश थंडी लागते. म्हणून आपल्याकडे ते वातानुकूलित खोल्यांत घ्यावे लागतात. ढिंगरी मात्र भाताच्या पेंढ्यावर, साध्या झोपडीतही येते. ती या कालवणात मला तरी बटणापेक्षा जास्त आवडते.

मशरूममध्ये नव्वद टक्के पाणी. धुवायचे तर झटकन धुवा, भिजत घालू नका. कोरड्या गरम कढईत, मीठ न घालता, पाणी सुटून आटेपर्यंत परता आणि मग लोणी घाला. कडा तांबूस झाल्या की चव येते. चिकट झालेले, वास येणारे सरळ टाकून द्या.

रानातल्या अळंबीबद्दल दोन शब्द. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडच्या आदिवासी बायकांना पावसाळ्यातली कोणती छत्री खायची हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. वारुळावर येणारी अळंबी तर वाळवीच आपल्या घरात पोसते, माणसाला अजून तिची शेती नीट साधलेली नाही. पण ते ज्ञान त्यांचं आहे, तुमचं-माझं नव्हे. मी सात-आठ वर्षांची असताना माझा भाऊ दारणेच्या काठाहून टोपलीभर पांढऱ्या छत्र्या घेऊन आला होता. आईने त्या परसात खड्डा करून पुरल्या आणि त्याला असं बदडलं की आम्ही सगळी भावंडं रडलो. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण निळा झाला तर विषारी, किडा लागला असेल तर चांगली, हे सगळं खोटं आहे. सर्वांत घातक जातीचं विष शिजवून जात नाही, वाळवूनही जात नाही. खाल्ल्यावर सहा-बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, ते थांबतात, माणूस म्हणतो बरं वाटतंय, आणि तेवढ्या वेळात यकृत निकामी होत असतं. शंका आली तर बरं वाटायची वाट पाहू नका. उरलेली अळंबी बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा.

बाकी कृती चार ओळींची. त्याच कढईत दोन कांदे उभे चिरून मऊ होईपर्यंत परता, चमचाभर मैदा भाजा, चमचाभर मोहरी वाटून घाला, मांसाचं पाणी घालून दाट करा. मांस आणि मशरूम सोडा, खाली उतरवा, वाटीभर विरजलेली साय. वर मिरपूड. वडील पावाबरोबर खायचे, आम्ही घोटीकडच्या इंद्रायणीच्या भाताबरोबर.

सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलाचं लग्न झालं. सून शाकाहारी घरातली. लग्नाआधी तिच्या आईने मला एकच प्रश्न विचारला होता, “ताई, तिला सक्ती नाही ना होणार?” मी नाही म्हटलं. पण पहिल्या नाताळाला स्वयंपाकघरात उभी राहिले तेव्हा मला खरंच कळेना की काय करावं. वडिलांचा पदार्थ केला तर पोरीने त्या वासात जेवायचं कसं, आणि नाही केला तर मुलाला काय वाटेल. शेवटी मी काहीच केलं नाही, नुसता पुलाव केला. मुलगा गप्प जेवला. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी डिसेंबरात सून ती वही घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “आई, यात मांस वगळलं तर काय उरतं?” मी वही वाचली. उरत होतं बरंच.

त्या दिवसापासून आमच्याकडे दोन कढया चढतात. मशरूमची आधी, वेगळ्या उलथन्याने, तिच्या हातची. ती ढिंगरी घालते आणि मांसाच्या पाण्याऐवजी भिजवलेल्या वाळक्या मशरूमचं पाणी. मांसाची नंतर, मागच्या ओसरीवरच्या शेगडीवर, माझ्या हातची. विरजलेली साय मात्र एकाच पातेल्यातली, आणि ती वाढताना माझा नातू दोन्हींकडे बोट दाखवून “इस्त्रागनाप” म्हणतो. उच्चार अगदी आजोबांचा.